नमुन्याचा ठोकळा

"बाद," बाबनराव म्हणाले आणि त्यांनी पिनेवर लाल खडूने फुली मारली.

सकाळपासूनची ही अकरावी फुली. चाचणीच्या खोलीच्या दारात धोंडबा रामटेके उभा होता. मनगटाएवढ्या जाडीच्या या पोलादी पिना कारखान्यात तो एकटाच ग्राइंडरवर घासायचा, त्यामुळे अकराही फुल्या त्याच्याच होत्या. त्यात वाटेकरी नव्हता.

"पुन्हा एकडाव लावून पाहा ना, बाबनराव."

"तीनडाव लावली गा. सुई चाळिसाच्या पुढं जाऊन राहिली. आता सुई काय माझ्या घरची आहे?"

"डोळ्याले तं काही दिसत नाही."

"डोळ्याले दिसलं असतं तं सरकारनं मले इथं काहून बसवलं असतं?"

धोंडबाने पिन उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली. "माझ्या अंगठ्याले बी लागत नाही."

"अंगठ्याचा रिपोर्ट लिहिता येत नाही," बाबनराव म्हणाले आणि बारावी पिन त्यांनी पुढे ओढली.

बाबनराव पराते महाल वस्तीतल्या विणकराच्या घरातले. त्यांचा बाप दुसऱ्या खोलीत जेवता जेवता मागावरचा धागा तुटल्याचं आवाजावरून सांगायचा. माग बंद पडला आणि मुलगा कळमन्याच्या रस्त्यावरच्या या सरकारी दुरुस्ती कारखान्यात लागला. पुढे परदेशातून हे यंत्र आलं तेव्हा ते शिकायला कोणी तरी जायला हवं म्हणून साहेबांनी त्यांना तीन महिने बाहेर पाठवलं. परत आले ते यंत्राचे एकमेव जाणकार होऊन. चौदाशे माणसांच्या कारखान्यात दाराला पडदा असलेली खोली ही एकच. साहेबसुद्धा बाहेर थांबून "येऊ का?" म्हणायचे. बाबनराव "या" म्हणायचे, पण लगेच नाही.

यंत्र म्हणजे सुई असलेली एक पेटी. तिच्यातून निघालेल्या दोरीच्या टोकाला पेन्सिलीएवढी दांडी आणि दांडीत बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्या वेटोळ्यात वीज सेकंदाला हजारो वेळा पुढे-मागे होते. दांडी धातूवर टेकवली की कुठलीही तार न जोडता धातूच्या अंगात विजेचे बारके भोवरे उठतात. धातू निर्दोष असेल तर ते सुखाने फिरतात. मध्ये तडा आला तर भोवऱ्याला वळसा घालावा लागतो. ती ओढाताण वेटोळ्याला जाणवते आणि सुई उठते.

एवढं एक यंत्र सोडलं तर कारखान्यात तडा डोळ्याने शोधायचे. आणि खापर फोडायला माणूस शोधायचे.

सुईवर मात्र बाबनराव आंधळा विश्वास ठेवत नसत. रोज सकाळी आधी ते तिला नमुना दाखवत. पिनेच्याच पोलादाचा एक ठोकळा होता आणि त्याच्यावर मोजून घातलेला एक काप होता. कापावर दांडी धरायची आणि सुई चाळिसावर येईपर्यंत पेटीचं बटण फिरवायचं. म्हणजे त्या दिवसापुरतं ठरलं, की चाळीस म्हणजे एवढा तडा. ज्या पिनेवर सुई चाळीस गाठेल ती बाद.

दसऱ्यानंतरच्या दोन महिन्यांत बादचा ढीग खोलीच्या खिडकीपर्यंत आला होता. घासताना घाई केली, दाब दिला, की पोलाद तापतं आणि केसासारखे तडे जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा धोंडबा घाई करतो हेही सगळ्यांना ठाऊक झालं. फोरमन ओमप्रकाशकडे याच्याहून खोल कारण होतं. खंडेनवमीला अख्खा कारखाना आपापल्या यंत्रापुढे हात जोडायचा, तेव्हा धोंडबा बाहेर लिंबाखाली उभा असायचा. छप्पन साली बापाबरोबर दीक्षा घेतल्यापासून त्याने यंत्रापुढे हात जोडले नव्हते. पूजेनंतरचा चिवडा तो घ्यायचा. चिवड्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

"मशीन नाराज हो गई उससे," ओमप्रकाश म्हणायचा. "मैं तो पहलेच बोला था."

वरच्या कचेरीने देवाचं नाव न घेता तेच टाइप करून पाठवलं. धोंडबाला ग्राइंडरवरून काढून भंगार यार्डात का धाडू नये, याचा खुलासा त्याने सोमवारी समक्ष करावा. भंगार यार्डात काम एकच, झाडायचं. त्याच यार्डात धोंडबाच्या बापाने एकवीस वर्षं झाडू मारला होता. मुलगा ग्राइंडरवर बसला त्या दिवशी म्हातारा कुही गावाहून नवं धोतर नेसून आला होता आणि फाटकाबाहेर उभं राहून नुसता चाकाचा आवाज ऐकून गेला होता.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत धोंडबा पडद्याबाहेर येऊन उभा राहिला.

"येऊ काय?"

"ये ना."

"सोमवारी मले साहेबापुढं उभं राहाचं आहे. त्याच्या आधी हे यंत्र मले समजून सांगा. कोणत्या गुन्ह्यात चाललो, हे तं समजू द्या."

बाबनरावांना समजावून सांगायला आवडायचं. डबा त्यांनी तसाच झाकला.

"कन्हानच्या डोहात भोवरे पाहिले ना तू? पाण्याच्या मधात खडक आला की भोवरा वाकडा होते. आपण काठावर बसल्या बसल्या वळखतो, खाली खडक आहे म्हणून. तसंच हे. फक्त दांडी अंगाले चिकटून पाहिजे. हे पाहा."

त्यांनी एका बाद पिनेवर दांडी धरली. सुई उठली. मग खिशातलं पोस्टकार्ड पिनेवर ठेवून त्याच्यावरून दांडी धरली. सुई अर्ध्यावर येऊन पेंगायला लागली.

"पाहिलं? एका कार्डाचं अंतर, तं भोवरा कमजोर पडते. म्हणून पिन पहिले चोख पुसाची."

"अन् ठोकळा?"

"ठोकळ्याचं काय?"

"तो कोन पुसते?"

"त्याले काय होते? तो तं डब्यात असते."

धोंडबाने ठोकळा हातात घेतला. तांबूस-काळसर, गुळगुळीत. त्याने डोळे मिटून अंगठा आधी कडेवर फिरवला, मग कापाच्या बाजूवर. पुन्हा फिरवला. सूक्ष्ममापक मागितला, ठोकळा त्यात धरला आणि बाबनरावांपुढे केला.

"ठोकळ्यावर पंचवीस कोरलं आहे. हे साडेपंचवीस भरून राहिलं. बाबनराव, पोलाद अंग धरते काय?"

बाबनरावांनी ठोकळा घेऊन कापाच्या रेघेवर नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही.

चाचणीच्या यंत्राला कुंकवाचं बोटही लावायचं नाही, असा साहेबांचा सक्त हुकूम होता. म्हणून खंडेनवमीला यंत्राच्या वतीने ठोकळा पूजेला बसायचा. दर वर्षी पाण्यातलं कुंकू, दुसऱ्या दिवशी फडक्याने साफ. यंदा त्यांच्या मनात आलं, की एवढं मोठं यंत्र, त्याला शेंदूर हवा. निघताना त्यांनी बायकोकडे तेल मागितलं. तिळाचं संपलं होतं. "जवसाचं देऊ काय?" गोपिकाबाईंनी विचारलं. "तेलच ना? दे," बाबनराव म्हणाले.

जवसाचं तेल चटणीवर घेतलं तर पोटात जातं आणि उघड्यावर राहिलं तर वाळून कातडं धरतं. म्हणून तर रंगारी रंगात तेच घालतात. शेंदूर आणि जवस मिळून ठोकळ्यावर अव्वल दर्जाचा रंग बसला. दुसऱ्या दिवशी फडक्याने निघाला नाही, तेव्हा बाबनरावांना बरंच वाटलं होतं. देव टिकला म्हणून. कापाच्या जागी दिसत होती ती फक्त एक तांबडी रेघ. मग रोज सकाळी सुई चाळिसापर्यंत येईना. त्यांनी बटण आणखी फिरवलं. तिनावर असणारं बटण सहावर गेलं. त्यांना वाटलं, यंत्राचं वय झालं. यंत्राचे कान मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने इतके तिखट केले होते की साधा ओरखडासुद्धा त्याला तडा ऐकू येत होता.

"खरवडून टाक," बाबनराव म्हणाले.

"मी नाही हात लावत," धोंडबा म्हणाला. "उद्या म्हणतील, धोंडबानं देव खरवडला. तुमचा आहे, तुमीच काढा."

बाबनरावांनी ठोकळ्याला हात जोडले आणि पातं घेतलं. शेंदराचे पापुद्रे टेबलावर पडत गेले. खालून पांढरं पोलाद निघालं. बटण तिनावर आलं. मग त्यांनी ढिगातल्या पिना एकेक करून पुन्हा तपासल्या. जवळजवळ सगळ्या निघाल्या चांगल्या. दोन पिनांवर सुई तरीही पन्नासावर गेली. बाबनराव त्यांच्यावरची फुली ठेवावी की पुसावी, अशा विचारात पडले.

"राहू द्या फुली," धोंडबा म्हणाला. "त्या रोजी चाकावरचं पाणी बंद पडलं होतं. मी तसंच रेटलं. त्या दोन माझ्या आहेत."

संध्याकाळपर्यंत गोष्ट ओमप्रकाशच्या कानावर गेली. तो पडद्याबाहेर न थांबता आत आला.

"बाबनरावजी, लिख दो, मशीन में नमी आ गई थी. हवेचं नाव घेतलं की कुणाले मेमो नाही."

"अन् धोंडबाच्या कागदाचं?"

"पडा रहेगा फाइल में. यार्डात नाही जाणार ना, बस."

"आता नाही जाणार. पुढच्या खेपेले कोणी ते पान उघडलं तं?"

"तब की तब देखेंगे. तुमची खोली जाईल ना, भाई. सोच लो."

बाबनरावांनी रविवारभर विचार केला. कागद घेऊन बसले, उठले, पुन्हा बसले. गोपिकाबाई तांदूळ निवडत होत्या.

"काय लिहून राहिले एवढं?"

"चूक लिहून राहिलो वं. माझी."

"तेलाचं लिहिलं काय?"

"लिहाच लागते. कारण विचारतील."

"तं बरोबर लिहा. तेल मी दिलं, पण मी विचारून दिलं. लावलं तुमी." त्या पुन्हा तांदळाकडे वळल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "खोली गेली तं घरी लवकर याल काय?"

"वेळ तीच राहील."

"मग लिहा."

कागदाच्या शेवटी त्यांनी लिहिलं, 'सदर पिना घासणाऱ्याचा यात दोष नाही. दोन पिना वगळून.' ती शेवटची ओळ लिहावी की नाही यात त्यांचा अर्धा तास गेला होता. पण त्यांच्यातल्या तपासनिसाला ती गाळता येईना.

सोमवारी धोंडबाचा मेमो मागे घेतला गेला. मंगळवारी नवं परिपत्रक निघालं, की कोणत्याही उपकरणाच्या कोणत्याही भागास कोणताही पदार्थ लावू नये. त्याच्या आधाराने पुढचा महिनाभर यंत्रांना वंगण घालायला कुणी धजेना. बुधवारी बाबनरावांनी पडद्याच्या खोलीची किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली आणि ते भांडारात रुजू झाले. भांडाराला पडदा नव्हता. एक खिडकी होती, तिच्यातून हातमोजे, फडकी आणि साबण द्यायचे.

माघातल्या एका सकाळी खिडकीशी धोंडबा आला.

"चाक द्या एक. जुनं झिजलं."

बाबनरावांनी फळीवरून घासायचं नवं चाक काढलं. चिठ्ठी घ्यायची, चाक द्यायचं, सही घ्यायची, एवढंच भांडारवाल्याचं काम. बाबनरावांनी चाक भोकात बोट घालून अधांतरी धरलं, पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकलं आणि कान जवळ नेला. भद्द आवाज आला. ते चाक त्यांनी बाजूला ठेवलं.

"हे नको नेऊ गा. आतून गेलेलं आहे."

दुसरं काढलं. ठोकलं. ते खणकन वाजलं. तो नाद विरेपर्यंत ते तसेच उभे राहिले, आणि मग त्यांनी चाक खिडकीतून पुढे केलं.

धोंडबाने ते घेतलं, आपल्या बोटावर अडकवलं आणि स्वतःही एकदा ठोकलं. बाबनरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. दोघंही मान वाकडी करून ऐकत राहिले.