अकरा वेळा थांबा

लाकूड कापायच्या गिरणीत तिला सगळे कानस म्हणत. करवतीच्या पात्याचे दात घासून धारेला लावणं हे तिचं काम, आणि जीभही कानशीसारखीच खरखरीत. नवरा आणि मोठे दीर त्याच गिरणीत ओंडके चढवायला, जाऊ फळ्या रचायला. चौघांचं घर एक, चूल एक. "आपल्याकडे भांडायला फुरसत रविवारीच मिळते, एरवी करवतच ओरडत असते," असं दीर हसत म्हणायचे.

ओंडका रुळांवरच्या एका गाडीवर आकड्यांनी जखडतात आणि गाडी त्याला पात्यापर्यंत नेते. गाडी चालवायचा जुना दांडा मोडला तेव्हा मालकाने मोटरला एक डबा बसवून घेतला आणि त्याची वायर केबिनमधल्या कॉम्प्युटरला जोडली. आता डब्याला हुकूम देणारा प्रोग्राम हवा होता. कानस सहा महिने प्रोग्रामिंगच्या क्लासला जात होती. "मी करते," ती म्हणाली. तीन आठवड्यांत करूनही दिला. पडद्यावर एक खिडकी, तिच्यात तीन मोठाली बटणं: पुढे, मागे, थांबा. घरी लॅपटॉपवर खोटी गाडी धरून तिने तो चाळीस वेळा चालवून पाहिला होता. एकदाही अडला नाही.

गिरणीत तो नऊ दिवस चालला. टोकाला गेली की गाडी आपोआप थांबायची, मध्येच 'थांबा' दाबायची वेळ कोणावर आली नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी नवरा केबिनमध्ये माउस धरून बसला होता. दिरांनी ओंडका जखडला, हात वर केला, नवऱ्याने 'पुढे' दाबलं. गाडी निघाली तेवढ्यात एक आकडा ढिला दिसला म्हणून दीर वाकले, आणि त्यांची बाही आकड्यात अडकली.

"थांबव!"

नवऱ्याने 'थांबा' दाबलं. गाडी चालतच राहिली. पुन्हा दाबलं. खिडकी पांढरी पडली, बटणं फिकट झाली. दीर गाडीबरोबर फरफटत चालले होते, मोकळ्या हाताने बाही फाडत होते, पाय रुळांवर आपटत होते. नवरा दाबत राहिला. भिंतीवरचा मेन स्विच फळ्यांच्या ढिगामागे गेला होता, तिथे पोचायला वेळ नव्हता. कानस पलीकडच्या खोलीत होती. तिला पात्याचा आवाज बदललेला ऐकू आला. लाकडात पातं जातं तेव्हा ते रडतं. आता ते क्षणभर गप्प झालं आणि मग वेगळंच किंचाळलं.

ती धावत आली तेव्हा भुसा लाल झाला होता. दिरांचा उजवा हात कोपराच्या वर तुटून गाडीच्या त्या बाजूला पडला होता, बोटं अजून हलत होती. गाडी रुळाच्या टोकाला जाऊन थांबली आणि मगच पडद्यावरची खिडकी पुन्हा जागी झाली.

"अकरा वेळा दाबलं," नवरा म्हणत होता. "मी अकरा वेळा दाबलं." तो केबिनच्या खांबावर डोकं आपटायला लागला. तिघांनी धरून त्याला खाली बसवलं तेव्हा कपाळ फुटलं होतं.

दिरांचा जीव वाचला. हात बसवता आला नाही. दुपारी जाऊ हॉस्पिटलमधून सरळ गिरणीत आली, साडी रक्ताने कडक झालेली. येताना तिने दारातली पहार उचलली.

कानस केबिनमध्ये होती. तिला म्हणायचं होतं एक, तोंडातून निघालं दुसरंच. "ताई, मोटरचा डबा बिघडला असणार."

जाऊने पहिला घाव पडद्यावर घातला. काच उडाली. दुसरा खालच्या पेटीवर. तिसऱ्या वेळी कानसने हात आडवा धरला आणि मनगटाचं हाड मोडलेलं दोघींनीही ऐकलं. "डबा बिघडला? डबा?" जाऊ ओरडत होती. कानसच्या नवऱ्याने तिला मागून धरलं तर तिने त्याच्या दंडाचा लचका तोडला. मग पहार हातातून पडली, ती भुशात बसली आणि छाती पिटून घ्यायला लागली.

तीन दिवस गिरणी बंद होती. चौथ्या दिवशी नवरा बातमी घेऊन आला. मालकाने नवा कॉम्प्युटर आणला होता, जुन्याच्या डिस्कवरून तोच प्रोग्राम काढून त्यात घातला होता, आणि उद्या सकाळी गिरणी सुरू करणार होता.

"मी म्हटलं, आधी तपासा. म्हणाला, तुझ्या भावाला बाही सांभाळता आली नाही त्याला मी काय करू."

"मग?"

"मग मी त्याचा गळा धरला. लोकांनी सोडवलं. मला काढलंय कामावरून."

कानसने डाव्या हाताने लॅपटॉप उघडला. प्रोग्राम तिने वाचला, पुन्हा वाचला. सगळं बरोबर दिसत होतं. घरी चालतं, तिथे चालत नाही, म्हणजे घरात आणि तिथे फरक काय? ती आकडे पाहायला लागली. घरी गाडीची खोटी फेरी तिने दोन सेकंदांची ठेवली होती, उगाच वाट पाहत बसायला नको म्हणून. गिरणीत ती चाळीस सेकंदांची होती. तिने दोनाच्या जागी चाळीस लिहिलं, 'पुढे' दाबलं, आणि लगेच 'थांबा'.

खिडकी पांढरी पडली.

तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा पांढरी. मग क्लासच्या बाईंना फोन लावला.

बाईंनी ऐकून घेतलं. "तू गाडी चालवायचं काम बटणाच्या आतच लिहिलंस," त्या म्हणाल्या. "खिडकी सांभाळायला एकच माणूस असतो. त्यालाच तू गाडी ओढायला पाठवलंस. तो परत येईपर्यंत दारावर कितीही थापा मारा, उघडणार कोण? गाडीसाठी दुसरा माणूस लाव, आणि पावलापावलावर त्याला विचारायला लाव, थांबायला सांगितलंय का म्हणून." मग हळू आवाजात म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्या वर्षी ही चूक सगळ्यांकडून होते."

"सगळ्यांच्या चुकीने हात जातो का, बाई?"

तिने फोन ठेवला.

मग तिला दुसरी चूकही सापडली. गाडीचा वेग एका फाइलमध्ये लिहिलेला होता, आणि त्या फाइलचा पत्ता तिने आपल्या लॅपटॉपवरचा घातला होता. गिरणीच्या कॉम्प्युटरवर तो पत्ताच नव्हता. फाइल सापडली नाही तर प्रोग्रामने बोंब मारायला हवी होती. पण सारख्या येणाऱ्या सूचनांना कंटाळून तिनेच लिहून ठेवलं होतं, चूक आली तर काही करू नकोस. म्हणून प्रोग्राम गप्प बसला आणि गाडी नऊ दिवस पूर्ण वेगाने धावली. सगळ्यांना वाटलं, नवी मोटर जोरकस आहे.

दुपारी जाऊ दिरांचे कपडे हॉस्पिटलमध्ये न्यायला घरी आली. कानस उठून तिच्यासमोर उभी राहिली.

"ताई, डबा चांगला होता. चूक माझी आहे."

जाऊने तिचे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. ओठ फाटला. कानसने प्लास्टरमधला हात मागेच ठेवला, वर आणला नाही. तिसऱ्यांदा आपटायच्या आधी जाऊच थांबली.

"मग नीट कर."

"करतेय. एका हाताने उद्यापर्यंत होत नाही."

जाऊने खुर्ची ओढली. "सांग काय दाबायचं ते."

कानस सांगत गेली, एकेक अक्षर. जाऊ दोन बोटांनी, सुपारी फोडल्यासारखी, बटणं ठोकत गेली. कानसच्या ओठातून रक्त टेबलावर ठिबकत होतं, ते जाऊने मध्येच पदराने पुसलं, टेबलावरचं. संध्याकाळ व्हायच्या आत 'थांबा' दाबलं की फेरी जागच्या जागी थांबायला लागली. फाइल नसेल तर प्रोग्राम लाल अक्षरांत तसं सांगून चालायलाच नकार देत होता.

"आणि हा कॉम्प्युटरच झोपला तर?" जाऊने विचारलं.

हे कानसने कधी धरलंच नव्हतं. माणसाचा जीव ज्यावर आहे ते बटण कॉम्प्युटरमध्ये असताच कामा नये. ते गाडीशेजारी हवं, थेट वीजच तोडणारं.

"मेन स्विच होता की भिंतीवर," कानस म्हणाली.

"होता." जाऊ पडद्याकडेच पाहत होती. "त्याच्यापुढे फळ्या मी रचल्या. मालक म्हणाला इथे रच, मी रचल्या. ह्यांना अजून सांगितलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिघं गिरणीत पोचली तेव्हा करवत चालू होती. मालक स्वतः माउस धरून बसला होता, गाडी निघालेली होती आणि तिच्याशेजारी एक नवा माणूस होता.

"गाडी थांबणार नाही," कानस केबिनच्या दारातून म्हणाली. "दाबून बघा."

"तमाशा नकोय मला कामाच्या वेळी. हो बाहेर."

नवऱ्याने पुढे होऊन मालकाचं मनगट पकडलं, माउस 'थांबा'वर नेला आणि दाबला. क्लिक झालं. मालकाने शिवी हासडली आणि केबिनच्या खिडकीतून ओरडला, "थांबतेय रे गाडी, थांब!"

नव्या माणसाने ते ऐकून आकडा सोडला. गाडी थांबली नाही. सुटलेला ओंडका फिरून पात्यावर आडवा बसला.

"पातं जाईल! खाली पडा!" कानस ओरडली.

पातं तुटलं आणि चाबकासारखं सुटलं. केबिनची काच, पत्रा आणि मालकाचा गाल त्याने एका फटक्यात फाडला. नव्या माणसाच्या पोटरीत एक तुकडा घुसला आणि तो कोसळला. गाडी अजून चालतच होती, ओंडक्याला त्याच्या अंगावर रेटत. जाऊ आपणच रचलेल्या ढिगावर चढली, वरच्या फळ्या हातांनी, पायांनी खाली ढकलल्या, आत हात घातला आणि स्विच ओढला.

गिरणी एकदम मुकी झाली. जखमी माणसाचं कण्हणं तेवढं राहिलं.

"प्रोग्राम दुरुस्त करून घेतलाय म्हणालात ना आम्हाला?" एका ओंडकेवाल्याने विचारलं. मालक गाल धरून मागे सरकला. मग कामगारांनी त्याला केबिनमधून ओढलं. हाताला येईल त्या फळीने मारलं, लाथांनी मारलं. मालक डोकं झाकून भुशात वळवळत होता.

कानस मध्ये शिरली. "त्याने खोटं सांगितलं. पण प्रोग्राम माझा आहे. लिहिला मी."

एक फळी तिच्या पाठीत बसली. मारणाऱ्याला थांबायचं होतं की नव्हतं, कळलं नाही. ती पडली नाही. दुसरी उठली तेव्हा जाऊ तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

"हिला मारायचं होतं तेवढं मी मारलंय," ती म्हणाली. "ह्या माणसाला दवाखान्यात न्या आधी."

फळ्या खाली आल्या.

पुढे चौकशी झाली. कानसने होतं तसं सांगितलं आणि पाच महिने गिरणीत पाऊल ठेवलं नाही. मालकाने गिरणी मेव्हण्याकडे सोपवली. मेव्हण्याने पहिल्यांदा गाडीच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढी लाल बटणं बसवली, जी दाबली की वीजच तुटते. मग दोघींनी दुरुस्त केलेला प्रोग्राम घातला. जाऊने मनगटाची माफी मागितली नाही, कानसने हाताची मागितली नाही. दोघी एका ओट्यावर उभ्या राहतात, आणि जाऊ आता आठवड्यातून दोनदा क्लासला जाते. "तू काय काय लिहितेस ते वाचता यायला पाहिजे मला," असं ती म्हणते.

दीर परत आले ते लाल बटण सांभाळायच्या कामावर. पहिल्या दिवशी त्यांनी काही कारण नसताना तीनदा गिरणी थांबवली. थांबवायचे, शांतता ऐकायचे, मग मान हलवून सुरू करायला सांगायचे.