कोटांची बॅग

"काकू, घ्या, माहेरी आली तुमची बॅग," म्हणत विनीताने चाकांची भलीमोठी बॅग दारातून आत ढकलली. "झिप जरा अडते हं. आणि डिसेंबरात मला परत लागेल. कोरियाला चाललोय."

निशिकांत टेबलावर जपानचा नकाशा पसरून बसले होते. 

सिंगापुरात लोकरीचे कपडे कोण सांभाळणार? म्हणून ओळखीच्या मराठी घरांत मिळून ही एकच बॅग फिरायची. थंडीच्या देशात जो निघेल, त्याच्याकडे ती जायची. तिची सुरुवात त्यांच्या बायकोच्या, शुभदाच्या, निळ्या कोटाने झाली होती. लेकीकडे, अदितीकडे, लंडनला जाताना तो घेतलेला. तिथे बर्फ काही दिसला नाही, नुसता पाऊस लागला.

"मग काका, ठरलं का?" विनीताने विचारलं.

"एप्रिल," निशिकांत घाईने म्हणाले. "हिरोसाकीला चेरी फुलते तेव्हा."

"यांचं काही खरं नाही," शुभदा हसली. "वर्षभर उत्तर जपानची, त्या तोहोकूची, पुस्तकं वाचतायत. आधी म्हणे ऑगस्टमधली कंदिलांची मिरवणूक, मग ऑक्टोबरची लाल पानं. आता एकदम पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये. कोणी पाठीमागे लागल्यासारखं!"

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलात शुभदाच्या पोटातला तुकडा तपासायला घेतला होता. रिपोर्ट परवा मिळणार होता. शहराच्या दुसऱ्या भागातून, पुंगोलहून, आलेल्या विनीताला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"आणि तुमच्या मनात काय आहे, काकू?"

"मला झाओचा डोंगर बघायचाय. तिथे झाडांवर इतका बर्फ साचतो, की झाडं माणसांसारखी उभी दिसतात. पण ते फेब्रुवारीत, म्हणजे पुढच्या वर्षी. तेव्हा तू बॅग डिसेंबरात ने, पण जानेवारीत आणून दे."

"नक्की ना?"

"अगं, नक्की."

इतक्या सहज 'नक्की' कसं म्हणता येतं हिला? निशिकांत मनातल्या मनात महिने मोजू लागले आणि मध्येच थांबले.

विनीता गेल्यावर ते चाचरत म्हणाले, "एप्रिलचीच तिकिटं काढू या ना. थंडी तुला सोसायची नाही."

"अहो, तुम्ही थंडीलाच घाबरताय का?"

निशिकांतांनी नकाशात डोकं घातलं. जन्मभर पुस्तकं वाचली. पण वेळेला बोलायचं वाक्य त्यांना कधी सापडलं नव्हतं.

"तुम्ही एप्रिल म्हणालात ना, की मला भीती वाटते," शुभदा हळूच म्हणाली. "एकदा फेब्रुवारी म्हणा की."

ते नकाशावरच्या सुरकुत्या सपाट करत राहिले. 

शुभदाने अडलेली झिप ओढून बॅग उघडली, निळा कोट काढला आणि आरशासमोर अंगात घातला. लंडनला त्याची बटणं ओढून लावावी लागली होती. आता खांदे खाली उतरले होते आणि बोटं बाह्यांत नाहीशी झाली होती. आरशात दोघांनाही ते दिसलं. बेडोकमधल्या त्यांच्या घरात त्या उकाड्याच्या दुपारी तिच्या कपाळावर घाम डवरला, पण तिने कोट काढला नाही.

निशिकांत उठले. त्यांनी एसी अगदी खालच्या आकड्यावर आणला. मग तिच्याजवळ जाऊन एका बाहीची घडी वर केली, पुन्हा एकदा केली, बोटं दिसेपर्यंत.

"फेब्रुवारीत," ते म्हणाले, आणि घडी हाताने नीट दाबली. "फेब्रुवारीत आत स्वेटर असेल. तेव्हा बरोबर बसेल."

शुभदाने दुसरा हात पुढे केला.