पाचटाच्या धगीपलीकडं

सयाजीवर कोयता पडला तेव्हा त्रिशला पलीकडच्या बांधावर उभी होती, आणि मध्ये पाचट जळून काळं झालेलं रान होतं.

पलूसजवळच्या त्या गावात ऊस कारखान्याला गेला की मागं राहिलेलं पाचट पेटवतात. त्या दुपारी शेजाऱ्यानं पेटवलं होतं. त्रिशलाचा नवरा जिनदत्त सांगलीला गेलेला, म्हणून आग आपल्या ठिबकच्या नळ्यांपर्यंत येत नाही ना, हे बघायला ती एकटीच आली होती. ज्वाळा बसल्या होत्या, पण जमिनीतून धग उठत होती आणि तिच्यात पलीकडचं सगळं शिवार हलत होतं.

पलीकडं सयाजीच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी दोन माणसं उभी होती. वाहत्या पाण्यातून बघावं तशी ती दिसत होती. पाय नाहीसे व्हायचे, परत यायचे. डोकं धडापासून सुटायचं आणि वरच्यावर तरंगायचं. त्यातल्या एकाचा हात वर गेला, ताणल्यासारखा लांबला आणि खाली आला. दुसरा माणूस दुमडला. हात पुन्हा वर गेला. मग किंकाळी आली.

तापल्या रानातून जाता येईना म्हणून ती बांधाबांधानं वळसा घालून धावली. पोचली तोवर मारणारा उसात पसार झाला होता. सयाजी खोलीच्या भिंतीला टेकून बसला होता. डावा खांदा हाडापर्यंत फाटलेला, कपाळावरची कातडी भुवईवर लोंबत होती. बुटका, आडव्या अंगाचा माणूस. उभा राहिला तरी त्रिशलाच्या खांद्याला लागायचा. तिनं पदर खांद्यात कोंबला, दोन्ही हातांनी दाबून धरला आणि घसा फुटेस्तोवर ओरडली. त्याचं रक्त तिच्या कोपरापर्यंत गरम वाहत आलं.

माणसं गोळा झाली. बेशुद्ध सयाजीला जीपमध्ये घालून सांगलीला नेलं. त्याचा थोरला भाऊ जोतीराम मागं राहिला. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेला माणूस. भावाला उचलताना त्याचा सदरा रक्तानं भिजला होता.

“कोण हुता, वहिनी?”

“तोंड दिसलं न्हाई, दादा. झळा लय हुत्या.”

“काय तरी दिसलं असंल की. कसा हुता?”

“उंच,” ती म्हणाली. “उंच दिसला.”

“वीरधवल!” गोळा झालेल्यांतून जोतीरामचा चुलतभाऊ तानाजी ओरडला. “दुसरं कोण असणार?”

गावात वीरधवलएवढा उंच कोणी नव्हता. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून त्याचं आणि सयाजीचं नुकतंच वाजलं होतं. ग्रामपंचायतीसमोर दोघांनी एकमेकांच्या गचांड्या धरलेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. कोणी आणखी काही विचारलं नाही. जोतीरामनं मोटारीच्या खोलीतली पहार उचलली. तानाजी सगळ्यांच्या पुढं होता.

“आवं, थांबा! मी त्याचं नाव घेतलं न्हाई!” त्रिशला मागून पळत होती. कोणी वळून बघितलं नाही.

वीरधवल जेवत होता. ताटावरून त्याला केसांना धरून अंगणात ओढला. त्याची बायको संयोगिता आडवी आली, तिला कोणीतरी ढकललं आणि ती धुण्याच्या दगडावर तोंडावर पडली. तानाजीची पहिली काठी वीरधवलच्या बरगडीत बसली. मग काठ्या मोजायचं कोणाला भान राहिलं नाही.

“मी घरातनं हललो न्हाई रं! जोतीराम, आईशप्पत!”

जोतीरामनं त्याच्या नडगीवर पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज अंगणाबाहेर ऐकू गेला. वीरधवलचा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळला, आणि जो आवाज त्याच्या तोंडून निघाला त्यानं गोठ्यातल्या म्हशींनी दावी ताणली.

“डोक्यात घाल, दादा! संपव!” तानाजी म्हणाला.

जोतीरामनं पहार डोक्यावर उचलली. त्रिशलानं मागून ती दोन्ही हातांनी धरली आणि सगळा भार टाकून लोंबकळली.

“सयाजीभाऊबी उंच दिसले मला!” ती किंचाळली. “ऐका! सयाजीभाऊ माझ्या खांद्याला लागत्यात. तिकडनं तेबी ताडाएवढं दिसत हुतं! दोघंबी सारखंच. मग उंच म्हंजे काय? कायबी न्हाई!”

पहार हवेतच थांबली.

फौजेत जोतीराम फायरिंगचा उस्ताद होता. भर दुपारी रेंजवर टार्गेट जागेवर राहत नाही, नाचतं, ताणलं जातं, कधी दोन दिसतात. तापलेली हवा वर चढते, गार खाली येते, आणि त्यांच्यामधून येणारा उजेड सरळ येत नाही, वाकडातिकडा होऊन डोळ्यांत शिरतो. हे त्यानं किती तरी रंगरुटांना शिकवलं होतं. झळा असल्या की घाई करायची न्हाई, म्हणून त्यांच्या पाठीत गुद्दे घातले होते. आणि आज एका शब्दावर तो पहार घेऊन निघाला होता. त्यानं खाली बघितलं. वीरधवलच्या पायातून हाड बाहेर आलं होतं.

“तिचं काय ऐकतोस, दादा?” तानाजी ओरडला आणि त्यानंच काठी उगारली, थेट वीरधवलच्या डोक्यावर. त्रिशलानं हात मध्ये घातला. मनगट मोडलं. दुसऱ्यांदा काठी वर गेली तेव्हा जोतीरामनं पहारीचं बोथट टोक तानाजीच्या तोंडावर मारलं. तो दात थुंकत मागं सरकला, आणि मग अंगण रिकामं होत गेलं. जी माणसं आत्ता काठ्या चालवत होती, तीच टेम्पो शोधायला पळाली.

सयाजीला नेलेल्या सांगलीच्या दवाखान्यातच वीरधवलला नेलं. त्रिशलाचा हातही तिथंच प्लास्टरमध्ये घातला. सूर्य मावळून गेल्यावर कोणीतरी तिच्यापुढं पोळीभाजी ठेवली. रात्री न जेवायच्या नेमानं तिनं ती तशीच परत केली.

पुढं सयाजी शुद्धीवर आला तेव्हा जोतीराम उशाशी बसला होता.

“तानाजी,” सयाजी म्हणाला. “मोटारीची वायर चोरायला कापताना धरला मी त्याला. माझ्याच हातातला कोयता हिसकावला.”

जोतीराम उठून बाहेर गेला आणि भिंतीवर कपाळ आपटत राहिला, वॉर्डबॉयनं धरेपर्यंत. तानाजीला पोलिसांनी कराडच्या स्टँडवर पकडलं. जोतीराम आपणहून चौकीत गेला. त्रिशलानं जबाबात सगळं सांगितलं, जोतीरामची पहारसुद्धा. “वहिनींनी खरं सांगितलंय,” एवढंच तो म्हणाला.

वीरधवलचा पाय वाचला, पण आखूड झाला. तो घरी आल्यावर त्रिशला त्याच्या दारात गेली. संयोगिता उंबऱ्यात उभी राहिली. तिच्या हनुवटीवर टाक्यांची रेघ होती.

“तू पहार धरलीस म्हणून हे हायत,” ती म्हणाली. “पर उंच हुता असं म्हणालीस तीबी तूच.”

“व्हय,” त्रिशला म्हणाली.

आतून वीरधवल कण्हला. संयोगितानं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या प्लास्टरकडं.

“एका हातानं टाच धरता येईल? पट्टी बदलायची हाय. मला एकटीला उरकत न्हाई.”

त्रिशलानं चप्पल काढली. खाटेशी बसून तिनं चांगल्या हातानं टाच धरली. संयोगितानं जखमेला चिकटलेलं कापड ओढलं, तसा वीरधवलनं ओरडून त्रिशलाचा खांदा गच्च पकडला. तिनं टाच सोडली नाही.