साडेपाचची फोड

मी बोलतेय. तुम्हाला ऐकू येणार नाही, पण त्यात तुमच्या कानांचा काही दोष नाही. माझा आवाजच माणसाच्या कानांना झेपणाऱ्या पट्टीच्या वरचा आहे. फार तर एक बारीकशी सूं तेवढी कानावर पडेल. खिडकीबाहेर ऊन खात बसणाऱ्या मांजरीला मात्र मी चांगली ऐकू येते. मी सुरू झाले की ती माझ्याकडे तुच्छतेने बघून निघून जाते. तिच्या मते माझा गळा बरा नसावा.

मी एक टाकी आहे. दोन बादल्या पाणी मावेल एवढी, स्टीलची. माझ्या तळाला बाहेरून चार चकत्या चिकटवलेल्या आहेत. वीज मिळाली की त्या सेकंदाला चाळीस हजार वेळा थरथरतात. मग पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि फुटता फुटता चिरलेल्या फळाच्या अंगाला चिकटलेले जंतू आणि काळा पडणारा रस झटकून टाकतात. फोड लगेच काळी पडत नाही, आंबत नाही. उगाच बढाई नको. थंड पाणी, थेंबभर लिंबू आणि धारदार सुरी सोबत नसेल, तर मी एकटी काय दिवे लावणार?

माझी पहिली दोन वर्षं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे शिकणाऱ्या एका मुलीने माझ्यावर सफरचंदांचे इतके प्रयोग केले, की सफरचंद बघितलं तरी मला नकोसं व्हायचं. पुढे प्रयोगशाळेत मोठी टाकी आली आणि ती मुलगी मला आपल्या घरच्या कारखान्यात घेऊन आली. कारखाना म्हणजे दोन खोल्या, स्टीलची लांब टेबलं आणि भिंतीला टांगलेले निळे अ‍ॅप्रन. तिथे फळं चिरून, कपात भरून, झाकण लावून शाळांना आणि ऑफिसांना पाठवतात.

चिरायचं काम तिच्या बाबांचं. चाळीस वर्षं त्यांच्या हातातली सुरी सुटली नाही. पूर्वी रस्त्याकडेच्या एका खिडकीत ते निळा अ‍ॅप्रन बांधून चिरायला असत आणि त्यांची बायको गिऱ्हाइकांशी बोलायला. त्या बाईंचा एकच नियम होता. काळी पडलेली फोड कुणाच्या हातात द्यायची नाही.

बाबांनी मला बघितलं आणि नाक मुरडलं. त्यांना ऐकू कमी येतं. त्यांनी माझ्या काठाला कान लावला, मग दुसरा कान लावला.

"बंद आहे ही," ते म्हणाले.

"चालू आहे बाबा. तिचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही."

"म्हणजे मुकी आहे म्हण की."

तेव्हापासून माझं नाव मुकी पडलं. मुलीने चॉकलेटच्या कागदाची चांदी माझ्या पाण्यात धरली आणि मिनिटभराने बाहेर काढली. तिला चाळणीसारखी बारीक भोकं पडली होती. बाबांनी ती खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ बघितली.

"हे हिने केलं?"

"हिनेच."

त्यांनी ती चांदी घडी करून खिशात ठेवली आणि सफरचंद हातात घेतलं. का, ते मला पुढे कळलं.

त्या नियमवाल्या आई आता विसरायच्या आजाराने आजारी आहेत. दोनदा घराबाहेर पडून वाट चुकल्या, म्हणून त्यांना अशा माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत ठेवलं आहे. भेटायची वेळ चार ते सहा. कारखान्यातून तिथे जायला दोन बस लागतात, म्हणून बाबा दोनला निघतात. आत सुरी न्यायला बंदी आहे, त्यामुळे फळ इथूनच चिरून न्यावं लागतं. आणि दोन तासांत सफरचंदाचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आईंनी नवऱ्याला ओळखणं सोडलं होतं, पण काळी फोड त्या अचूक ओळखायच्या. "भाऊ, हे कालचं आहे," म्हणून कप परत द्यायच्या. ज्या बाईने चाळीस वर्षं 'अहो' म्हटलं, तिने भाऊ म्हणावं आणि वर शिळं आणल्याचा ठपका ठेवावा. बाबांना ठपका जास्त लागला, असं ते म्हणत. मला ते खरं वाटत नाही. लिंबू जास्त पिळलं तर आई आंबट म्हणून थुंकून टाकत. इतर जेवण त्यांनी जवळजवळ सोडलंच होतं. फळ तेवढं खात. म्हणजे तेही गेलं, तर सगळंच गेलं.

पहिल्या दिवशी बाबांनी मला तीनऐवजी दहा मिनिटं चालवलं. जास्त चालवलं की जास्त टिकेल, असा त्यांचा साधा हिशेब. पण अति तिथे माती. फोडी चहात बुडवलेल्या टोस्टसारख्या झाल्या आणि आईंनी "भाऊ, गिऱ्हाईक तुटेल हो तुमचं," म्हणून कप परत केला. दुसऱ्या दिवशी बाबा घड्याळ घेऊन माझ्यासमोर बसले. बरोबर तीन मिनिटं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले आणि माझ्या काठावर हात ठेवून मोठ्याने सांगू लागले. सगळं मलाच सांगायची त्यांना सवय लागली होती. मी मुकी, ते कमी ऐकणारे, आमचं छान जमायचं.

"खाल्लं गं मुके तिने. पाच फोडी. 'आत्ताच चिरलंत का?' म्हणाली. मी हो म्हटलं. खोटं बोललो." मग माझा काठ पुसत म्हणाले, "सहावी नाही खाल्ली. बशीत झाकून ठेवली. म्हणाली, ही आमच्या ह्यांना. ते कामावरून येतील, उपाशी असतात. मी समोरच बसलो होतो."

त्या दिवशी बाबांनी पहिलं सफरचंद फार जाड चिरलं.

पुढे रोज तसंच होऊ लागलं. पाच फोडी आई खात आणि सहावी नवऱ्यासाठी राखत. नवरा काही येत नसे. तो 'भाऊ' होऊन खुर्चीवर बसलेला असे आणि सहाला निघून जाई. फोड काळी पडली की आई हिरमुसत. "आज पण उशीर केला त्यांनी," म्हणत.

मग एकदा असं झालं. बाबा रिकामा कप धुवायला बाहेरच्या बेसिनकडे गेले. शर्ट भिजू नये म्हणून त्यांनी पिशवीतला निळा अ‍ॅप्रन बांधला आणि कपाचं झाकण खोलीतच राहिलं म्हणून तसेच परत दारात आले. साडेपाच वाजले होते. आईंनी वर बघितलं.

"आलात?" त्या म्हणाल्या. "किती वाट बघायची माणसाने? हात धुवा आधी."

एवढं मात्र बाबांना स्पष्ट ऐकू आलं. हात आत्ताच धुतले होते, तरी ते जाऊन पुन्हा धुऊन आले. आईंनी बशीवरचं झाकण काढून फोड पुढे केली. ती अजून पांढरी होती. हे सांगताना बाबा माझ्यापाशी उभे राहून रडले. माझ्या पाण्यात दोन थेंब पडले आणि मुलीने टाकी पुन्हा धुऊन घेतली. कामाच्या जागी स्वच्छता हवीच, मला त्याचं वाईट वाटलं नाही.

तेव्हापासून चारला भाऊ येतो, आणि साडेपाचला अ‍ॅप्रन बांधून नवरा येतो.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. मी थकले आहे. चारांपैकी तीन चकत्या बंद पडल्या आहेत आणि चांदी बुडवली तर उजव्या कोपऱ्यातच भोकं पडतात. शेजारी खाटेएवढी नवी टाकी आली आहे. शाळांचे आणि ऑफिसांचे सगळे कप तिच्याकडे गेले. नव्याची नवलाई असायचीच. माझ्या वाट्याला एकच सफरचंद उरलं आहे. बाबा ते जाळीत घालून बरोबर उजव्या कोपऱ्यात धरतात.

"बाबा, आईचं पण नवीनमध्ये करा ना," मुलगी म्हणते.

"हिला माहीत आहे," बाबा म्हणतात. "कुठली फोड कुठवर न्यायची ते."

मला मोडीत न्यायला माणूस येईल, हे मला कळतं. त्याच्याशी माझं भांडण नाही. एवढंच सांगते, बाबा, की ही शेवटची चकती गेली तर उगाच माझं मन राखू नका, फोडी मुकाट नव्या टाकीत घाला. आणि न्यायला येणाऱ्या दादा, तुम्ही सकाळी येऊ नका. दोननंतर या. तोवर माझ्याकडे एक फोड सांभाळायला दिलेली असते. ती ज्यांची आहे, ते साडेपाचला कामावरून येतात.