तिसऱ्या वेळची बाटली

क्लॅरी नूननच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला मधोमध एकही केस नाही.

साखर कारखाना सुरू झाला की ऑस्ट्रेलियातल्या अख्ख्या मॅकाय गावाला काकवीचा वास येतो.

क्लॅरी बोल्सच्या, म्हणजे चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, हिरवळीवर चेंडू सोडताना डावा डोळा मिटतो. नेम उजव्याचा.

"फेकून दे ते," हातमोजे काढत डॉक्टर म्हणाले.

नर्स लिओनीच्या ट्रेमध्ये क्लॅरीच्या पापणीतून खरवडलेला ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळट कण होता.

"तिसऱ्यांदा आलीय गाठ, त्याच जागी. आणि केस कुठं गेले?"

"साधी गाठ आहे, लिओनी. बाहेर अकरा माणसं ताटकळलीत."

"ताटकळू देत. हे प्रयोगशाळेत तपासायला जाणार."

"हे नर्सनं कधीपासून ठरवायचं?"

"आजपासून." तिनं कण बाटलीत टाकून झाकण घट्ट फिरवलं.

टेबलावर आडवा पडलेला क्लॅरी, कारखान्यातला निवृत्त क्रेनवाला, पट्टीखालून म्हणाला, "भांडा, सावकाश भांडा. फक्त शनिवारच्या सामन्याला सोडा मला."

नवव्या दिवशी अहवाल आला. पापणीतल्या तेलाच्या ग्रंथींचा कॅन्सर. दुर्मिळ, साध्या गाठीसारखाच दिसतो. ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी पापण्यांच्या आतून, बुबुळाभोवतून सतरा ठिकाणचे कण काढून तपासले. कॅन्सर सगळीकडे पोचला होता. पापण्यांसकट डोळा काढावा लागला. क्लॅरी वाचला.

लिओनीनं दवाखान्याच्या भिंतीवर कागद चिकटवला: पापणीतून काढलेलं काहीही कचऱ्यात जाणार नाही. खाली डॉक्टरांची सही घेतली.

नोव्हेंबरात ती मैदानावर गेली. क्लॅरीचा चेंडू भलतीकडे वळून कडेच्या चरात पडला.

"हस की. सगळा क्लब हसतोय."

"क्लॅरी, पहिल्यांदाच तपासायला पाठवलं असतं, तर कदाचित डोळा राहिला असता."

"डॉक्टर नको म्हणाला असेल."

"हो. पण कचऱ्यात मी टाकलं. दोन्ही वेळा."

क्लॅरीनं फडक्यानं दुसरा चेंडू पुसला. मग तो तिच्या हातात दिला.

"तुझी पाळी. आणि गुडघे वाकव जरा, खांबासारखी उभी राहू नकोस."

तिनं गुडघे वाकवले.

पहिली गाठ खरवडली ती चार मार्चला. त्या दिवशी बाटलीवर लावायची, क्लॅरीच्या नावाची चिठ्ठी लिओनीनं लिहून ठेवली होती; बाटली मात्र रिकामीच राहिली.