उजव्या बाजूचा दांडा

बाबांच्या अंत्यविधीला चोय अंकलने कागदाची मॉरिस पाठवली. फिकट हिरवी, बांबूच्या कामट्यांवर बसवलेली, नंबरप्लेटसुद्धा बाबांच्याच गाडीची. गेलेल्या माणसाला पुढे जे लागेल ते कागदाचं करून जाळायचं, ही आम्हा मलेशियातल्या चिनी लोकांची रीत. इपोहमधल्या सगळ्यात महागड्या कारागिराकडून त्याने ती करून घेतली होती. लोक वाकून वाकून आतल्या सीटा बघत होते. आई उठली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि एवढंच म्हणाली, "ही बरी सरळ उभी आहे."

खरी गाडी तेव्हा आमच्या पोर्चमध्ये लाकडी ठोकळ्यांवर होती. रंग झालेला, सीटांचं चामडं नवं, इंजिन एका झटक्यात सुरू होणारं. फक्त उजवा दांडा नव्हता.

मॉरिस मायनरच्या पुढच्या चाकांना गुंडाळीची स्प्रिंग नसते. दोन्ही बाजूंना चेसीच्या लांबीने एकेक पोलादी दांडा असतो, टॉर्शन बार, आणि तो पिळाच्या जोरावर गाडी तोलून धरतो. डाव्याचा पीळ डावीकडे, उजव्याचा उजवीकडे. त्यांची अदलाबदल केली तर दांडा तुटतो. एक जुना आणि एक नवा लावला तर गाडी एका कुशीवर झुकून चालते. आणि न वापरलेले दांडे आता कुठे मिळत नाहीत.

बाबा आणि चोय अंकल एकाच गॅरेजात शिकले, एकाच मालकाचा मार खाल्ला. एक बंद पडलेली कथिलाची खाण आपलं गॅरेज रिकामं करत होती, तिथे दोघांना एक खोकं सापडलं. आत ग्रीसच्या कागदात गुंडाळलेली कोरी जोडी. दोघांच्याही मॉरिस तेव्हा मोडक्या. मग असं ठरलं, की डावा बाबांकडे राहील, उजवा चोयकडे, आणि ज्याची गाडी आधी तयार होईल त्याला दोन्ही.

बाबांची आधी झाली.

"नववर्ष होऊ दे, कॅम वेंग," चोय म्हणाला. "सणाच्या तोंडावर घरातलं लोखंड बाहेर देऊ नये."

नववर्ष झाल्यावर गोदामाची किल्ली माहेरी गेलेल्या बायकोकडे होती. बायको आली तेव्हा किल्ली हरवली होती. नंतर बाबांच्या छातीचं दुखणं सुरू झालं, तर म्हणे, "अरे, आता गाडी चालवायची घाई कशाला? आधी धड श्वास घे!" बाबा प्रत्येक वेळी त्याच्या कॉफीच्या दुकानात बसून यायचे आणि हे सगळं आम्हाला हसत सांगायचे. आई हसायची नाही. मी पेनांग, मलाक्का, सीमेपलीकडे थायलंडात हातयायपर्यंत भंगारवाले पालथे घातले. मिळाले ते वापरलेले, पीळ गेलेले. ताइपिंगच्या एका लोहाराने नवा घडवून दिला, तो आठवडाभरात बसला. इंग्लंडच्या विक्रेत्याने वाट बघणाऱ्यांच्या रांगेत नाव लिहून घेतलं. रांग हलायच्या आत बाबा गेले. पोर्चमध्येच, गाडीशेजारच्या वेताच्या खुर्चीत, हात मडगार्डवर.

जुन्या मॉरिसवाल्यांच्या क्लबच्या पेनांग फेरीच्या आधी चोय अंकलचा फोन आला. तो क्लबचा अध्यक्ष, फेरीत पहिली गाडी त्याची. तीही अखेर तयार झाली होती.

"पोरी, तो डावा दांडा तुमच्याकडे नुसता गंजतोय."

"गंजत नाही. मी त्याला तेल लावते."

"बघ! तू तेल लावणार, मी चालवणार. कॅम वेंगच्या आत्म्याला बरंच वाटेल."

मला वाटलं होतं मी फोन आपटेन. पण मी शांतपणे म्हणाले, "अंकल, वस्तू बाबांची आहे. त्यांना न विचारता कशी देऊ? तुमचा उजवा घेऊन या. तुमचं ठरलं होतं तसंच, एकाला दोन्ही. बाबाच सांगतील कोणाला."

तो मोठ्याने हसला. "विचारू की! कॅम वेंग मला जन्मात कधी नाही म्हणाला नाही."

गेलेल्यांना विचारायचं ते फोटोसमोर नाणी टाकून. माझा त्या नाण्यांवर विश्वास नाही. मला त्याला आमच्या फरशीवर गुडघे टेकलेलं बघायचं होतं, बस.

रविवारी तो आला. उजवा दांडा जुन्या टॉवेलात, तान्ह्या मुलासारखा कडेवर. आईने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. बाबांच्या फोटोसमोर संत्री, वाफवलेले पाव आणि कंडेन्स्ड मिल्क घातलेली काळपट कॉफी ठेवली होती. आईने उदबत्त्या लावल्या आणि बशीत दोन नाणी ठेवली, एका अंगाला लाल रंग दिलेली. एक लाल आणि एक साधं पडलं तर होकार. दोन्ही साधी पडली तर नकार. दोन्ही लाल पडली तर गेलेला माणूस हसतोय, पुन्हा विचारायचं. तीनदा विचारायची मुभा असते; तेवढ्यात होकार आला नाही तर तो नकारच.

दोन्ही दांडे मी फोटोखाली शेजारी शेजारी ठेवले. चोय अंकल टेबलाची कड धरून, कण्हत खाली बसला.

"कॅम वेंग, मी विंग फाट. तुझा डावा दांडा मला देतोस ना?"

नाणी टाकली. दोन्ही साधी.

"ओळखलं नसेल त्यांनी," मी म्हणाले. "नीट सांगा ना, कुठला विंग फाट."

"कुठला म्हणजे? एकच तर आहे!"

"ज्याच्या गोदामाची किल्ली हरवली होती, तो. सांगा त्यांना."

त्याने आईकडे पाहिलं. "वहिनी, पोरगी काय बोलते बघा."

"मी कुठे काय ऐकलं?" आई म्हणाली. "तुम्ही त्याच्याशी बोलताय. त्याच्याशीच बोला."

त्याची मान लाल झाली. उठायला त्याने एक हात टेकला, मग दांड्यांकडे पाहिलं आणि परत बसला.

"मी... किल्लीवाला विंग फाट," तो पुटपुटला. "देतोस ना?"

दोन्ही लाल.

"हसतायत," आई म्हणाली.

"किल्ली खरंच हरवली होती का, अंकल?"

उदबत्तीची राख पावावर पडली. मग माझ्याकडे न बघता तो फोटोलाच म्हणाला, "किल्ली माझ्या खिशात होती. प्रत्येक वेळी. तुझी गाडी आधी झाली ते मला सोसलं नाही. मालक कायम तुझाच हात चांगला म्हणायचा." त्याने नाणी उचलली. "आता तरी दे, कॅम वेंग."

हेच मला ऐकायचं होतं. ऐकलं, आणि राग तिळभरही कमी झाला नाही.

त्याने तिसऱ्यांदा नाणी टाकली. एक त्याच्या गुडघ्यासमोरच पडलं, लाल. दुसरं घरंगळत टेबलाखाली गेलं. त्याला वाकवेना. मी वाकले, आईही वाकली. टेबलाखालच्या अंधारात आमची डोकी एकमेकांना लागली. नाणं भिंतीला टेकून सपाट पडलं होतं.

साधी बाजू वर.

मी तोंड उघडलं. आईने नाणं मुठीत घेतलं, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "लाल. पुन्हा हसले."

चोय अंकल जागचा हलला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"लाल," मी म्हणाले.

त्याने फोटोला तीनदा डोकं टेकवलं. उठताना त्याला हात मी दिला नाही, आईनेही नाही. टॉवेल त्याने नेला, दांडा नेला नाही. फाटकाबाहेर त्याची मॉरिस जुन्या दांड्यांवर, डाव्या कुशीवर झुकून उभी होती. तशीच ती गल्लीच्या वळणापर्यंत गेली.

आई कॉफी बदलायला आत निघाली.

"आई, बाबा हो म्हणाले होते."

"पाहिलं मी."

"मग?"

"मग काय? जन्मभर सगळ्यांना हो म्हणाला. ह्या विंग फाटला तर मागायच्या आधी हो म्हणायचा." तिने गार झालेली कॉफी मोरीत ओतली. "त्याला काय विचारायचं असतं!"

दोन्ही दांडे चढवायला एक सकाळ गेली. ठोकळे काढले तेव्हा गाडी थोडी खाली बसली आणि पातळीत थांबली.

पेनांग फेरीच्या दिवशी क्लबच्या गाड्या स्टेशनसमोरच्या मैदानात रांगेने लागल्या होत्या. आई माझ्याशेजारी, केस नीट विंचरून, पर्स मांडीवर. मी आमची मॉरिस सगळ्यात पुढच्या गाडीजवळून मुद्दाम हळू नेली. चोय अंकल आपल्या झुकलेल्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता. आमची गाडी बघून त्याने हात वर केला, निरोप घेताना करतात तसा.

मी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. आईने माझ्यापुढून हात लांब केला आणि हॉर्न दाबला. मैदान मागे पडेपर्यंत तिने तो दाबून धरला होता.