राखीव रकान्यातल्या पाट्या

मित्रांनो, माझ्यावर कधी कुणी गणित सोडवले नाही की सुविचार लिहिला नाही. तरीही मी एक जुना फळाच आहे. पत्र्याच्या कारखान्यात मला पांढरा रंग चढवला आणि एका विमान कंपनीच्या कचेरीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर चार स्क्रूंनी घट्ट बसवले. तेव्हा कंपनीकडे पाचच विमाने होती.

माझ्यावर चार रकाने आखलेले होते. उड्डाण, विश्रांती, रजा आणि राखीव. प्रत्येक वैमानिकाच्या नावाची एक चुंबकाची पाटी असे आणि ती रोज या रकान्यातून त्या रकान्यात फिरे. राखीव रकान्यातले वैमानिक गणवेशाला इस्त्री करून घरी तयार बसत. कुणाला ताप आला, कुणाच्या कामाचे तास संपले, की त्यांना बोलावणे जाई. थकलेल्या माणसाने विमान चालवू नये, असा नियमच आहे.

पाट्या हलवण्याचे काम ताईंचे. पाळ्या लावणाऱ्या या बाईंना सारी कंपनी ताईच म्हणे, अगदी त्यांच्याहून मोठे कॅप्टनसुद्धा. कुणाचे मूल आजारी आहे, कुणाला पहाटेचे उड्डाण सोसत नाही, हे त्यांना तोंडपाठ. एक वैमानिक दारातूनच शिट्टी वाजवत येई, म्हणून तो शिट्टीवाला. सगळ्यांत ज्येष्ठ ते घड्याळकाका. आपले तास ते खिशातल्या वहीत लिहीत आणि माझ्याशी ताडून पाहत. माझी चूक त्यांना कधी सापडली नाही, हे मी आजही ऐटीत सांगतो.

मग पाचाची अकरा विमाने झाली आणि अकराची सतरा. प्रत्येक वेळी टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. पण विमान मागवले की येते, वैमानिक तसा येत नाही. त्याला निवडायचे, त्या विमानाचे शिक्षण द्यायचे, जुन्या कॅप्टनशेजारी बसवून महिनोन्‌महिने तयार करायचे. आणि तो तयार झाला की दुसरी कंपनी त्याला बोलावते. शिट्टीवाल्याचे तसेच झाले. तिकडे विमाने मोठी होती आणि महिन्यातले बारा दिवस घरी राहता येणार होते. नोटिशीचे महिने त्याने इमानाने भरले. शेवटच्या दिवशी तो शिट्टी न वाजवता आला आणि ताईंच्या पाया पडून गेला.

ताई त्याची पाटी काढणार, तोच मागून मोठे साहेब आले. सगळी उड्डाणे त्यांच्या हाताखाली होती. ते म्हणाले, दुसरा कुणी मिळेपर्यंत पाटी राखीवमध्ये राहू द्या, रकाना ओकाबोका दिसतो. पुढे शिकणाऱ्यांच्या पाट्याही त्यांनी आधीच लावायला सांगितल्या, ते आज ना उद्या येणारच होते. ताईंनी कुरकुर केली, पण कामाच्या रगाड्यात ती विरून गेली.

खरे सांगायचे तर मला ते आवडले. पाहुणे आले की साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, आपल्याकडे माणसांची काही वानवा नाही. माझी छाती फुगे. त्याच पाट्या मोजून साहेबांनी चार नवी उड्डाणे सुरू केली.

खऱ्या माणसांच्या मात्र नाकी नऊ आले. घड्याळकाकांची रजा दोनदा रद्द झाली. तिसऱ्या वेळी त्यांनी एकच दिवस मागितला, काकूंच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. ताईंनी त्यांची पाटी रजेत लावली.

"काका, ही पाटी आता माझ्याशिवाय कुणी हलवणार नाही," त्या म्हणाल्या.

नेमक्या ऑपरेशनच्याच दिवशी सकाळी आठच्या उड्डाणाचा कॅप्टन तापाने आडवा झाला. ताई राखीव रकान्याकडे वळल्या. तिथे पाट्या होत्या नऊ. एक शिट्टीवाल्याची. दोन त्याच्यामागून सोडून गेलेल्यांच्या. सहा जणांचे शिक्षण अजून चालूच होते. खरे राखीव होते ते सगळे पहाटेच कामाला लागले होते. नऊ पाट्या आणि माणूस एकही नाही.

साहेब धावत आले. त्यांची नजर रजेच्या रकान्यावर गेली.

"काकांना फोन लावा. ऑपरेशन काय, डॉक्टर करणार आहेत."

ताईंनी रिसीव्हर उचलला. काकांनी आजवर कधीही नाही म्हटले नव्हते, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होते. ताईंनी रिसीव्हर पुन्हा खाली ठेवला.

"नाही साहेब. बोलावलं तर ते येतील, म्हणूनच लावत नाही."

मग त्या माझ्याकडे आल्या, नऊच्या नऊ पाट्या काढल्या आणि साहेबांच्या ओंजळीत ठेवल्या.

"आता मोजा."

राखीव रकाना मोकळा पडला. इतक्या लोकांसमोर मी उघडा पडलो, याची मला लाज वाटली. आठचे उड्डाण रद्द झाले. ताईंनी स्वतः जाऊन प्रवाशांची बोलणी खाल्ली आणि नोकरी जाणार असे धरून टेबलाचा खण आवरून ठेवला. नोकरी गेली नाही. साहेबांनी चारही नवी उड्डाणे तूर्त थांबवली. मात्र शिट्टीवाला काही परत आला नाही आणि त्या वर्षी आणखी दोघे सोडून गेले.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी घड्याळकाका आले. काकूंचे कसे आहे, असे ताईंनी विचारले.

"छान दिसतंय तिला. पट्टी काढल्यावर पहिलं काय म्हणाली, तर तुम्ही किती थकलाय हो."

त्या दिवसापासून ताई रोज संध्याकाळी राखीवमधल्या प्रत्येकाला फोन करून विचारू लागल्या, "उद्या आहात ना?" पलीकडून "आहे" असे आले, तरच पाटी लागे. माझ्यावर पाट्या थोड्या असत, पण त्यातली एकही खोटी नसे.

आता ताई निवृत्त झाल्या आहेत. पाळ्या संगणक लावतो आणि मी सामानाच्या खोलीत दारामागे उभा आहे. मला पुसा, पुन्हा भिंतीवर लावा, असे माझे मागणे नाही. मित्रांनो, उद्या तुम्हीही कुठेतरी माणसांची नावे मोजायला बसाल. तेव्हा एकेकाला फोन करा आणि विचारा, उद्या आहात ना? पलीकडून "आहे" असे आले, तरी लगेच फोन ठेवू नका. थकलात का, हेही विचारा.